सर्वांचे पाणी : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनकार्यातील एक सूत्र

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या समाजात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. महूचा जन्म, परदेशातील शिक्षण, महाडचा संग्राम, राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या शाळेतील लहानग्या विद्यार्थ्यालाही मुखोद्गत असतात. परंतु हे टप्पे सुटे सुटे पाठ केले म्हणजे त्यांना जोडणारा धागा नजरेआड होतो. बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. जी वस्तू निसर्गाने सर्वांना दिली आहे किंवा सर्वांच्या पैशातून उभी राहिली आहे, ती वापरण्याचा हक्क कोणाचा, तिचा खर्च कोणी सोसायचा आणि तिची व्यवस्था कोणी पाहायची, हा त्या शास्त्रातील एक मूलभूत प्रश्न. हाच प्रश्न त्यांच्यापुढे बालपणी तहानेच्या रूपाने उभा राहिला आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत निरनिराळ्या रूपांनी येत राहिला. त्या धाग्याने त्यांच्या चरित्राकडे पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

तहानेचा पहिला पाठ

14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. लष्करी नोकरीतून निवृत्त झाल्यावर रामजी कुटुंबासह प्रथम दापोलीस आणि नंतर साताऱ्यास आले. साताऱ्याच्या शाळेत पाण्याचा नळ होता. इतर मुले शिक्षकांची परवानगी घेऊन नळ सोडीत आणि पाणी पीत. भीमरावांना मात्र नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई हजर नसला तर दिवसभर तहानलेले राहावे लागे. शाळा सरकारी होती आणि नळाला पाणीही होते, तरीही त्या मुलाच्या वाट्यास तहानच येई.

1901 च्या सुमारास दुसरा प्रसंग घडला. त्या काळी दुष्काळाने लोक मरत होते. त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलाव खोदण्याचे काम सुरू केले होते. रामजी तेथे खजिनदार म्हणून काम पाहत. वडिलांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले मसूर स्थानकावर उतरली. घरून पाठविलेले पत्र वडिलांपर्यंत पोहोचले नव्हते, त्यामुळे त्यांना नेण्यास कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच बैलगाडीवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. अखेरीस दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण वाटेत पिण्याजोगे पाणी कोणी दिले नाही. मुले रात्रभर उपाशीच राहिली.

या प्रसंगातील विरोध मनात ठेवण्यासारखा आहे. जनतेसाठी, जनतेच्या पैशातून जो तलाव खोदला जात होता, त्याचा हिशेब ज्या माणसाच्या हाती होता, त्याच माणसाच्या मुलांना त्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोटभर पाणी मिळाले नाही. भीमरावांनी सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास पुढे फार दूरच्या विद्यापीठांत केला. त्या शास्त्राचा पहिला पाठ मात्र त्यांना मसूरच्या वाटेवर मिळाला होता.

कर कोणाचा, खर्च कोणासाठी

महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक वित्त हा विषय सखोल अभ्यासला. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार हा त्यांच्या एम. ए. च्या प्रबंधाचा विषय होता. पुढे ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर त्यांनी जो प्रबंध लिहिला, तो 1925 मध्ये लंडनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि 1927 मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच. डी. दिली.

हा ग्रंथ आज फार थोडे लोक वाचतात. पण त्यातील विचार समजण्यास कठीण नाही. 1833 च्या कायद्याने हिंदुस्थानचा सारा महसूल केंद्राच्या हाती एकवटला. कर गोळा करणारे प्रांत एकीकडे आणि खर्चाची सूत्रे हलविणारे केंद्र दुसरीकडे, अशी स्थिती झाली. काटकसर करण्यात प्रांतांना कोणताच लाभ उरला नाही. खर्च वाढला, तिजोरी रिकामी झाली आणि मग 1871 पासून टप्प्याटप्प्याने प्रांतांना आर्थिक अधिकार देण्यास आरंभ झाला. या साऱ्या इतिहासातून बाबासाहेबांनी एक निष्कर्ष काढला : राज्यकर्ते करदात्यांना उत्तरदायी नसतील तर कराचा बोजा गरिबांवर पडतो आणि खर्चाचा लाभ इतरत्र जातो. जमीनसारा आणि मिठावरील कर शेतकऱ्याच्या व मजुराच्या खिशातून वसूल होई, आणि शिक्षण व लोकोपयोगी कामांसाठी तुटपुंजी रक्कम उरे.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार 1917 मध्ये ते बडोद्यास नोकरीसाठी गेले, पण तेथे त्यांना राहण्यास जागासुद्धा मिळू दिली गेली नाही. 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या या विद्वानाने शिक्षकांच्या सामाईक भांड्यातून पाणी प्यावे, यास तेथील काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. साताऱ्याचा नळ येथेही त्यांच्या मागे आला होता. त्याच वर्षी त्यांनी शेतीच्या तुकड्यांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. केवळ तुकडे जोडून शेती सुधारणार नाही. जमिनीच्या मानाने भांडवल अपुरे आहे आणि शेतीवर अवलंबून असलेल्यांची संख्या अतोनात आहे. यास्तव उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

1920 मध्ये ‘मूकनायक’ सुरू करून ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधास 1923 मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली. चलन हीदेखील एक सार्वजनिक वस्तूच होय. तिचे मूल्य घसरले तर त्याची झळ सर्वप्रथम ठरावीक मजुरीवर जगणाऱ्याला लागते. म्हणून रुपये पाडण्याचा अमर्याद अधिकार सरकारच्या मर्जीवर सोपवू नये, त्यावर निश्चित मर्यादा असावी, असा त्यांचा आग्रह होता. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने ज्या चलनपद्धतीची भलावण केली होती, तिच्यावर या तरुण अभ्यासकाने निःसंकोचपणे टीका केली. 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी हीच भूमिका मांडली.

चवदार तळे

बाबासाहेब 1923 मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी 4 ऑगस्ट रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेली अथवा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने व कचेऱ्या ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले.

19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ज्या गावात तळे तुडुंब भरलेले होते, तेथे परिषदेस जमलेल्या हजारो लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. हा आकडा लहान दिसतो; परंतु सार्वजनिक संपत्ती काही जणांनी अडवून धरली म्हणजे उरलेल्यांना हक्काचीच वस्तू कशी विकत घ्यावी लागते, याचा तो नेमका हिशेब आहे.

20 मार्चला बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह शिस्तीने तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्राशन केले. त्यानंतर लोक आता मंदिरात शिरणार अशी कंडी पिकविण्यात आली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून त्याचे शुद्धीकरण केले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या घटनेकडे क्षणभर पाहू. सामाईक साधनावर निर्बंध का घालावा लागतो? कुरणात गुरे फार झाली तर गवत संपते, विहिरीवर उपसा फार झाला तर झरा आटतो. तेव्हा वापरास मर्यादा घालणे सर्वांच्याच हिताचे असते. चवदार तळ्याच्या बाबतीत असे काहीही नव्हते. अन्य धर्मीयांना तेथे मज्जाव नव्हता आणि जनावरेही ते पाणी पीत. काही हजार ओंजळींनी त्या तळ्याची पातळी कमी होणार नव्हती. म्हणजेच हा निर्बंध पाणी राखण्यासाठी नव्हता, तर माणसांमधील पायऱ्या राखण्यासाठी होता. हा भेद बाबासाहेबांनी ओळखला होता. म्हणूनच महाडचा लढा त्यांनी पाण्याच्या टंचाईचा न मानता समतेचा मानला.

4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद ठरली. तिच्यासाठी जागा मिळू नये अशी खटपट झाली, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. दरम्यान तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा काही स्पृश्यांनी दाखल केला आणि 14 डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. लोक तुरुंगात जाण्यासही सिद्ध होते. परंतु बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि लढा कज्ज्याच्या मार्गाने पुढे नेला.

त्या कज्ज्यात दोन मुद्दे होते. तळे कोणाच्या मालकीचे? आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे सिद्ध होते काय? खालच्या न्यायालयापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत वाद चालला. तळे खासगी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही आणि रूढीचा पुरावाही कायद्याच्या कसोटीस उतरला नाही. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. ओंजळभर पाण्याचा हक्क न्यायालयाकडून मान्य होण्यास दहा वर्षांना अवघे तीन दिवस कमी लागले.

गावकी, वतन आणि खोती

1927 पासून बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. 1928 मध्ये त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. गावच्या हद्दी राखणे, सरकारी निरोप पोहोचविणे, खजिन्याबरोबर चालत जाणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे साऱ्या गावाच्या उपयोगाची होती. त्यांचा भार मात्र एकाच समाजावर होता. मोबदला म्हणजे वतनाची चिमूटभर जमीन आणि बलुते. तेही गावाची मर्जी असेल तर. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि घरातील कर्ता पुरुष आजारी असला तर बायकामुलांना ते करावे लागे. लाभ सर्वांचा आणि खर्च एकाचा, असा हा व्यवहार होता. सार्वजनिक कामाचे वेतन सार्वजनिक निधीतूनच मिळावे आणि वतनाच्या जमिनी इतर शेतकऱ्यांप्रमाणे रयतवारीने मिळाव्यात, ही बाबासाहेबांची मागणी होती. त्यांचे विधेयक त्या वेळी तडीस गेले नाही. हलकी मानली गेलेली गावकामाची वतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

कोकणातील खोती पद्धतीविरुद्धही त्यांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी विधेयक आणले. सारा वसूल करणारा खोत हा सरकार व कूळ यांच्यामध्ये उभा होता, आणि कष्ट कुळाचे असूनही जमिनीवर त्याचा हक्क नव्हता. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या विधिमंडळावर गेला. त्यात केवळ एका जातीचे लोक नव्हते. आगरी, कुणबी, महार अशी सारी कुळे एकत्र चालली. समान हितसंबंध असतील तर जातीच्या भिंती ओलांडून माणसे जवळ येतात, याचा प्रत्यय त्या मोर्चाने दिला.

नदीला प्रांत नसतो

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. त्यांच्या चरित्राचा हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. 1943 मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. रेल्वेमार्ग तुटले आणि कलकत्त्याचा इतर देशाशी संपर्क खंडित झाला. नदीचा उगमाकडील भाग तेव्हाच्या बिहारमध्ये आणि पुराचा तडाखा बंगालमध्ये. एका प्रांताने बांध घालून प्रश्न सुटणार नव्हता.

3 जानेवारी 1945 रोजी कलकत्ता येथे केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या प्रतिनिधींची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. पुराच्या पाण्याकडे केवळ संकट म्हणून पाहण्याऐवजी ते साठवावे आणि त्यातून सिंचन, वीज व जलवाहतूक साधावी, ही दृष्टी त्यांनी मांडली. त्यासाठी संपूर्ण खोऱ्याची एकच व्यवस्था हवी होती. अमेरिकेतील टेनेसी नदीच्या खोऱ्यात तसा प्रयोग झालेला होता. या प्रयत्नांतून पुढे 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. ओरिसातील महानदीच्या विकासाची परिषदही त्यांनी 1945 मध्ये कटक येथे घेतली; हिराकुड धरणाची वाट त्यातून मोकळी झाली. आजच्या केंद्रीय जल आयोगाची मूळ संस्थाही त्यांच्याच कारकिर्दीत, 1945 मध्ये स्थापन झाली.

या कामाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. धरणांमुळे खालच्या भागास वीज व पाणी मिळाले, तर वरच्या भागातील अनेक गावे, त्यांत आदिवासींची गावेही, पाण्याखाली गेली. ज्यांची जमीन गेली त्यांना न्याय्य मोबदला व पुनर्वसन मिळाले की नाही, हा प्रश्न पुढील पिढ्यांसमोर उभा राहिला. लाभ सर्वांचा आणि खर्च थोड्यांचा, हा वतनाच्या लढ्यातील प्रश्नच येथे नव्या रूपात दिसतो. बाबासाहेबांची कसोटी बाबासाहेबांनी आरंभिलेल्या कामासही लावली पाहिजे. त्यांच्या विचाराशी इमान राखण्याचा तोच मार्ग आहे.

घटनेतील विहिरी आणि तळी

ऑगस्ट 1947 मध्ये बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. राज्यघटनेचे 15 वे कलम उघडून पाहावे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करू नये, असे सांगणाऱ्या त्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. जगातील एका मोठ्या राष्ट्राच्या मूलभूत हक्कांत तळ्याचा उल्लेख यावा, यामागे साताऱ्याचा नळ, मसूरची वाट आणि महाडची ओंजळ आहे, हे आपल्या मुलांना समजावून सांगितले पाहिजे.

39 वे कलम समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे, असे राज्यास मार्गदर्शन करते. 262 वे कलम आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांविषयी आहे. केंद्र व राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटणीसाठी 280 व्या कलमाने वित्त आयोगाची तरतूद केली आहे. कोलंबियातील विद्यार्थ्याने प्रांतिक वित्तव्यवस्थेविषयी जो प्रश्न अभ्यासला होता, तोच हा प्रश्न. राज्यघटना हे अनेकांचे कार्य आहे. तरीही या कलमांमागील प्रश्नांचा इतका दीर्घ अभ्यास आणि इतका जिवंत अनुभव घेऊन त्या सभागृहात बसलेला दुसरा सदस्य क्वचितच असेल.

रोहिणीचे पाणी

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बाबासाहेब ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहीत होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे परंपरागत कारण म्हणजे वृद्ध, रोगी आणि मृत माणसाचे दर्शन. बाबासाहेबांना ते पटले नाही. त्यांनी गृहत्यागाचा संबंध शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी जोडला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा मिटवावा, असा पर्याय त्याने सुचविला. संघाने तो नाकारला. अखेरीस सिद्धार्थाने आपल्या लोकांवर संकट येऊ नये म्हणून परिव्रज्या पत्करली.

चवदार तळ्याच्या सेनानीने तथागताच्या चरित्राचा आरंभ पाण्याच्या तंट्यापासून केला, हा योगायोग मानता येत नाही. सामाईक पाण्यावर भांडण झाले तर तलवार न उचलता, दोन्ही बाजूंच्या विश्वासातील माणसांनी एकत्र बसून नियम ठरवावेत, ही त्या प्रसंगाची शिकवण आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला आणि 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपला वारसा

या स्मरणिकेच्या वाचकांसाठी शेवटची गोष्ट सर्वांत जवळची आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या अगदी आरंभीच्या कार्यात, 1925 मधील सोलापूरच्या विद्यार्थी वसतिगृहाचा समावेश होता. पुढे 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. मुलाला वर्गात प्रवेश मिळाला तरी राहण्यास जागा आणि दोन वेळचे अन्न नसेल तर तो प्रवेश निरुपयोगी ठरतो, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले होते. म्हणून वसतिगृह हे त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचाच भाग होते.

विद्या ही अशी संपत्ती आहे की एकाने घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. परंतु ज्या छपराखाली ती दिली जाते ते छप्पर, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि ग्रंथालय यांची मात्र झीज होते. सर्वांनी वापरावे आणि दुरुस्ती दुसऱ्या कोणी करावी, असे प्रत्येकाने मनात धरले तर सामाईक वस्तू लवकरच मोडकळीस येते. ज्या पिढीला शाळेने घडविले, तिने पुढच्या पिढीसाठी आपला वाटा उचलला तरच ती टिकते. येथे शिकून गेलेल्या प्रत्येकाने तो वाटा पैशाने, श्रमाने किंवा वेळाने उचलावा. आणि आपल्या गावात, वस्तीत किंवा गृहसंकुलात एखादे पाणी, एखादा रस्ता किंवा एखादे सभागृह कोणासाठी बंद असेल तर तेथेही उभे राहावे. महाडच्या तळ्यावर जी ओंजळ भरली गेली, तिचे ऋण फेडण्याचा मार्ग हाच आहे.

या महामानवाच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!